वाचकांचे प्रश्न : क्लाउडमधला चित्रपटसंग्रह किती भरवशाचा?

इंटरनेटवर विकत घेतलेल्या आणि क्लाउडमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या दूरच्या संगणकांवर, साठवलेल्या चित्रपटांविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच पत्रे, आवश्यक तेथे थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी २०१२पासून ब्लू-रे डिस्क विकत घेत आलो आणि डबीतल्या कागदावरचा कोड टाकून त्याच चित्रपटाची डिजिटल प्रतही खात्यात जमा करत गेलो. पुढे डिस्क घेणे थांबले आणि आम्ही नुसते डिजिटल चित्रपटच घेऊ लागलो. मध्यंतरी ज्या ऑनलाइन दुकानात आमचे मूळ खाते होते ते बंद झाले. खाते दुसरीकडे वर्ग झाले, पण काही चित्रपट तिथे आलेच नाहीत. विचारणा केली, तेव्हा 'आमच्याकडे नोंद नाही' एवढेच उत्तर मिळाले. उरलेला संग्रह आणखी पंधरा-वीस वर्षे टिकेल, असे धरून चालावे काय?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तसे धरून चालू नये. मात्र सगळा संग्रह उद्याच नाहीसा होईल, अशी धास्ती बाळगण्याचेही कारण नाही. चित्रपटाची फाइल जिथे साठवलेली असते तिथे ती बहुधा सुखरूप असते. मोठ्या कंपन्या एकच फाइल अनेक ठिकाणी ठेवतात, त्यामुळे यंत्र बिघडले म्हणून चित्रपट गेला, असे सहसा घडत नाही. घात होतो तो कागदोपत्री. आपण पैसे मोजून जे घेतो ती चित्रपट पाहण्याची परवानगी असते. ते दुकान चित्रपटांच्या व्यवसायात राहणे, त्या दुकानाचा निर्मात्या स्टुडिओशी असलेला करार चालू राहणे, आपले खाते शाबूत असणे आणि आपण त्याच देशात असणे, या चारही गोष्टींवर ती अवलंबून असते. यांतली एक जरी निखळली, तरी फाइल जागच्या जागी असूनही आपल्याला ती दिसत नाही.

आपल्या बाबतीत जे घडले त्याचा उगम बहुधा अल्ट्राव्हायोलेट या व्यवस्थेत असावा. ही व्यवस्था ऑक्टोबर २०११मध्ये सुरू झाली. हॉलिवूडचे बहुतेक मोठे स्टुडिओ, काही दुकाने आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या यांनी एकत्र येऊन ती उभी केली होती. चित्रपट कुठूनही घ्या, तुमच्या हक्कांची नोंद एका मध्यवर्ती ठिकाणी राहील आणि जोडलेल्या कोणत्याही दुकानातून तो पाहता येईल, अशी ती योजना होती. कल्पना उत्तम होती. पण डिस्ने आणि अ‍ॅपल हे दोघेही सुरुवातीपासून बाहेर राहिले, आणि माझ्या मते ही व्यवस्था तिथेच अधू झाली. जानेवारी २०१९मध्ये ती गुंडाळण्याची घोषणा झाली आणि ३१ जुलै २०१९ रोजी ती बंद पडली. बंद होताना तिची तीन कोटींहून अधिक खाती होती आणि त्यांत ३० कोटींच्या आसपास चित्रपट व मालिका जमा होत्या. आपले खाते चालू स्थितीतल्या किमान एका दुकानाशी त्या तारखेआधी जोडून घ्यावे, अशी सूचना ग्राहकांना देण्यात आली होती. ज्यांनी तसे केले होते, त्यांचे बहुतेक चित्रपट त्या दुकानाच्या स्वतःच्या नोंदीत शिल्लक राहिले. ज्यांचे खाते आधीच बंद पडलेल्या दुकानाशी जोडलेले होते किंवा ज्यांनी काहीच जोडले नव्हते, त्यांना ज्याच्याकडे तक्रार करावी असेही कोणी उरले नाही.

डबीतल्या त्या घडीच्या कागदाकडेही एकदा नीट पाहावे. मोठ्या अक्षरांत कोड, त्याखाली कोड कुठे टाकायचा तो पत्ता, आणि अगदी तळाशी, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा टायपात, कोड वापरण्याची अंतिम तारीख छापलेली असते. ती उलटल्यावरही काही कोड चालतात. पण ती स्टुडिओची मेहेरबानी असते, आपला हक्क नव्हे. न वापरलेले कागद घरात पडून असतील, तर ते आजच वापरून टाकावेत.

आता उरलेल्या संग्रहाविषयी. अमेरिकेत सध्या अल्ट्राव्हायोलेटच्या जागी मूव्हीज एनीव्हेअर ही सेवा आहे. डिस्नेने २०१४मध्ये ती स्वतःच्या चित्रपटांपुरती सुरू केली होती. ऑक्टोबर २०१७मध्ये युनिव्हर्सल, वॉर्नर, सोनी आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स हे स्टुडिओ तिच्यात सामील झाले आणि तिला सध्याचे नाव मिळाले. तिच्याशी आपली दोन-तीन दुकानांतली खाती जोडली, तर एका दुकानात घेतलेला चित्रपट इतर दुकानांतल्या संग्रहातही उमटतो, आणि उद्या त्यांतले एक दुकान बंद झाले तरी बाकीची राहतात. मला माहीत असलेला सर्वांत उपयोगी आणि बिनखर्चाचा बंदोबस्त हाच आहे. पॅरामाउंट आणि लायन्सगेट हे स्टुडिओ मात्र यात नाहीत. त्यांचे चित्रपट जिथे घेतले तिथेच अडकून राहतात, आणि आपला खरा धोका त्याच चित्रपटांना आहे.

दुकान बंद होणे किंवा विकले जाणे हे ऐकायला भयंकर वाटते, पण आजवरचा अनुभव तितका वाईट नाही. व्हुडू हे दुकान २०१०मध्ये वॉलमार्टने घेतले, २०२०मध्ये ते फॅनडँगोकडे गेले, २०२४मध्ये त्याचे नावही बदलले. या सगळ्यांत ग्राहकांचे संग्रह टिकून राहिले. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५मध्ये चित्रपट विकणे थांबवले, तरी आधी घेतलेले चित्रपट पाहता येतील असे जाहीर केले. मला अधिक काळजी वाटते ती ज्या कंपनीसाठी चित्रपट हा जोडधंदा आहे तिची. सोनीच्या प्लेस्टेशन स्टोअर या मुख्यतः व्हिडिओगेम विकणाऱ्या दुकानाने ऑगस्ट २०२१च्या अखेरीस चित्रपटांची विक्री बंद केली आणि घेतलेले चित्रपट पाहता येतील, असे सांगितले. बरोबर एका वर्षाने, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या संग्रहातून स्टुडिओकॅनाल या कंपनीचे ३००हून अधिक चित्रपट काढून घेण्यात आले. स्टुडिओशी असलेला परवान्याचा करार हे त्याचे कारण देण्यात आले. डिसेंबर २०२३मध्ये त्याच दुकानाने डिस्कव्हरीच्या विकत घेतलेल्या मालिका वर्षअखेरीस नाहीशा होतील, असे कळवले. त्यावर एवढा गदारोळ झाला की, करार वाढवून त्या किमान ३० महिन्यांसाठी परत ठेवण्यात आल्या. विकत घेतलेल्या वस्तूला ३० महिन्यांची मुदतवाढ मिळते, यातच काय ते आले. विक्रीच बंद असलेल्या दुकानाला जुन्या ग्राहकांसाठी करार वाढवत बसण्यात काही मिळकत नसते, हे ध्यानात घेतले की, कोणत्या दुकानातला संग्रह आधी दुसरीकडे जोडून घ्यायचा, हे ठरवणे सोपे जाते.

तेव्हा आपण एक करावे. आपल्या संग्रहातले जे चित्रपट गेले तर खरोखर वाईट वाटेल, ते बाजूला काढावेत. शेकडो चित्रपटांमधून ते फार तर वीस-पंचवीस निघतील. त्यांच्या डिस्क घरात आहेत ना, हे पाहावे आणि नसतील तर आता, मिळत आहेत तोवर, घेऊन ठेवाव्यात. बेस्ट बायसारख्या मोठ्या दुकानसाखळीने २०२४मध्ये डिस्क विकणे सोडले आहे, त्यामुळे 'पुढे कधीतरी घेऊ' हे धोरण चालणार नाही. बाकीचे चित्रपट क्लाउडमध्येच राहू द्यावेत. पाहण्याच्या सोयीसाठी पैसे दिले होते आणि ती सोय आपण उपभोगली, असे मानावे.

प्रश्न : सतरा वर्षे कॅलिफोर्नियात काढून आम्ही पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परत येत आहोत. माझा सगळा चित्रपटसंग्रह अ‍ॅपलच्या खात्यात आहे. पुण्यात आल्यावर तो पाहता येईल ना?
— एक वाचिका, सनीवेल, कॅलिफोर्निया

उत्तर : खाते अमेरिकेचेच ठेवले तर बहुतांशी पाहता येईल; देश बदलून भारत केला तर त्याची खात्री नाही. चित्रपटांचे हक्क देशवार विकले जातात. एकाच चित्रपटाचा अमेरिकेतला हक्क एकाकडे आणि भारतातला दुसऱ्याकडे असू शकतो, किंवा भारतात तो विक्रीला नसतोही. त्यामुळे खात्याचा देश बदलल्यावर जुन्या देशातल्या दुकानातून घेतलेले चित्रपट पुन्हा डाउनलोड करता येतीलच असे नाही, आणि म्हणूनच देश बदलण्याआधी ते उपकरणावर उतरवून घ्यावेत, असे अ‍ॅपल स्वतःच सांगते. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅनडात स्थायिक झालेल्या एका ग्राहकाचे विकत घेतलेले चित्रपट असेच दिसेनासे झाले होते आणि त्याची बातमी जगभर फिरली होती.

देश बदलण्यापूर्वी खात्यातली शिल्लक रक्कम संपवावी लागते, चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात आणि नव्या देशातला पत्ता व पैसे भरण्याचे साधन द्यावे लागते. शिवाय, कुटुंबाचे सामाईक खाते असेल तर त्यातल्या सर्वांचा देश एकच असावा लागतो. मुले तिकडेच राहणार असतील, तर हा मुद्दा आधी पाहावा. परत आलेली अनेक कुटुंबे जुने अमेरिकन खाते केवळ संग्रहासाठी टीव्हीवर ठेवतात आणि फोनसाठी भारतातले नवे खाते उघडतात. हा मार्ग मला सर्वांत कमी त्रासाचा वाटतो. अमेरिकेतले कार्ड बंद झाल्यावर त्या खात्यातून नवी खरेदी करता येणार नाही; त्याचप्रमाणे त्या खात्याला जोडलेला तिकडचा फोन नंबर बंद करण्याआधी तो बदलून इथला नंबर नोंदवावा. हे विसरल्यामुळे पडताळणीचा संदेश बंद पडलेल्या नंबरवर जात राहतो आणि खातेच हातचे जाते. माझ्या माहितीत लोकांनी गमावलेले संग्रह दुकान बंद झाल्यामुळे कमी आणि या एका कारणामुळे अधिक गेले आहेत.

डिस्क बरोबर आणणार असाल तर प्लेअरही तिकडचाच आणावा. डिस्क जगाच्या कोणत्या विभागासाठी आहे, याची खूण तिच्यात असते आणि त्याच विभागाचा प्लेअर ती चालवतो. अमेरिकेतली डीव्हीडी विभाग १ची आणि भारतातली विभाग ५ची असते. ब्लू-रेच्या बाबतीत अमेरिका विभाग 'ए'मध्ये आणि भारत विभाग 'सी'मध्ये येतो. सगळ्याच डिस्कना हे बंधन नसते, परंतु ज्यांना असते त्या इथल्या प्लेअरवर चालत नाहीत. तिकडचा प्लेअर ११० व्होल्टवरच चालणारा आहे की २४०लाही चालतो, हे त्याच्या पाठीमागच्या पट्टीवर वाचून घ्यावे.

प्रश्न : चित्रपट डाउनलोड करून ठेवला, तर तो कायमचा आपला झाला ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. डाउनलोड केलेल्या चित्रपटालाही डिजिटल कुलूप असते आणि त्याची किल्ली खात्यापाशी असते. फाइल दुसऱ्या कोणत्या प्लेअरमध्ये उघडत नाही, आणि खाते बंद झाले किंवा उपकरण पूर्ण पुसून नव्याने सुरू केले तर तीच फाइल निरुपयोगी ठरू शकते. अ‍ॅपलसारख्या दुकानात तर ४के, म्हणजे अतिशय सुस्पष्ट चित्राच्या, दर्जाचा चित्रपट घेतला तरी डाउनलोड होणारी प्रत कमी दर्जाची असते. अ‍ॅपलच्या आयट्यून्स दुकानातल्या गाण्यांचे कुलूप २००९मध्ये निघाले, म्हणून तेव्हा घेतलेली गाणी आजही कुठेही वाजतात. चित्रपटांच्या बाबतीत मोठ्या स्टुडिओंनी ते कधीच मान्य केले नाही. प्रवासात पाहण्यासाठी डाउनलोड उपयोगी आहे. त्याला साठा समजू नये.

प्रश्न : 'खरेदी करा' असे लिहिलेले बटण दाबून मी पैसे भरले. मग ती वस्तू माझी नाही, असे कंपनी कशी म्हणू शकते? हे कायद्यात बसते काय?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : करारात बसते, कारण ज्या अटींपुढे आपण 'मान्य' म्हणतो त्यांत हा परवाना आहे आणि तो दुसऱ्याला देता येत नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. ते न वाचता मान्य म्हणणारे आपण सगळेच आहोत. परंतु बटणावर एक आणि अटींत दुसरे, ही दिशाभूल आहे, हा आपला आक्षेप रास्त आहे, आणि कॅलिफोर्निया राज्याने तो मान्यही केला. तिथे सप्टेंबर २०२४मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५पासून तो लागू आहे. त्यानुसार ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ते स्पष्टपणे सांगितल्याशिवाय 'खरेदी' या अर्थाचा शब्द वापरता येत नाही. जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. लक्षात घ्यावे की, या कायद्याने ग्राहकाला मालकी मिळाली नाही, फक्त ती मिळत नसल्याची सूचना मिळाली. दुकानांनी बटणाजवळ एक ओळ वाढवली आणि व्यवहार पूर्ववत चालू राहिला.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात ही तक्रारीची बाब आहे. शिवाय ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या मांडणीविरुद्ध नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आपला विकत घेतलेला चित्रपट नाहीसा झाला तर पावतीची ई-मेल, संग्रहात तो पूर्वी दिसत असल्याचा स्क्रीनशॉट आणि ग्राहकसेवेशी झालेला पत्रव्यवहार जवळ ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम लहान असते म्हणून बहुतेक लोक सोडून देतात, आणि कंपन्यांचा हिशेबही तोच असतो. चित्रपट परत मिळाला नाही तरी पैसे किंवा खात्यात तेवढी रक्कम मिळण्याची शक्यता असते. एक सावधगिरी बाळगावी : बँकेमार्फत परस्पर पैसे परत घेण्याचा मार्ग सर्वांत शेवटी वापरावा, कारण त्यामुळे दुकानाने खातेच गोठवले, तर एका चित्रपटापायी बाकीचे सगळे अडकतात.

प्रश्न : घरात मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी खोकेभर आहेत. मुलगा म्हणतो की हल्ली सगळे ऑनलाइन मिळते, ही रद्दी काढून टाक. त्याशिवाय माझ्यामागे माझे ऑनलाइन घेतलेले चित्रपट त्याला मिळतील का, हेही जाणून घ्यायचे आहे.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. बहुधा मिळणार नाहीत. अ‍ॅपलने डिसेंबर २०२१पासून आपल्या पश्चात खाते पाहू शकणाऱ्या वारसाचे नाव नोंदवण्याची सोय दिली आहे. तिच्यातून फोटो, संदेश, नोंदी वारसाला मिळतात, परंतु विकत घेतलेले चित्रपट, संगीत आणि पुस्तके त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. मृत्युपत्रात लिहूनही उपयोग नाही, कारण जी गोष्ट आपल्या मालकीची नाही, ती आपण कोणाला देऊ शकत नाही. हयातीत कुटुंबाच्या सामाईक खात्यात मुलाला घेता येते, तेवढे अवश्य करावे.

खोक्याचे मात्र तसे नाही. ते खोके पूर्णपणे आपले आहे, मुलाला देता येते, शेजाऱ्यांना पाहायला देता येते, आणि कोणत्याही कंपनीचा करार संपल्याने त्यातले काही उडून जात नाही. 'सगळे ऑनलाइन मिळते' हे हिंदी-इंग्रजीच्या बाबतीत निम्मे खरे आहे, मराठीच्या बाबतीत तेवढेही नाही. जुने मराठी चित्रपट ऑनलाइन विकत मिळणे दुर्मीळ आहे. जे आहेत ते वर्गणीच्या सेवांवर येतात, करार संपला की जातात, कधी यूट्यूबवर सापडतात, तेही एखादा प्रसंग किंवा गाणे कापलेल्या अवस्थेत. २००७च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी जे चित्रपट आले, त्यांतले काही त्यानंतर कोणत्याच स्वरूपात विक्रीला आले नसण्याची शक्यता आहे. ती कंपनीही पुढे दिवाळखोरीत निघाली.

परंतु डिस्क ठेवली म्हणजे चित्रपट टिकला, असेही समजू नये. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते, त्यामुळे आजच्या मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच; तो डिस्कचा दोष नव्हे. खरा दोष पाहायचा असेल, तर डिस्क ट्यूबलाइटसमोर धरावी. चमकदार थरात टाचणीच्या टोकाएवढी भोके पडून पलीकडचा प्रकाश दिसत असेल किंवा कडेकडून तपकिरी, ढगाळ डाग आत सरकत असतील, तर तो थर गंजू लागला आहे. ठाण्याच्या दमट हवेत स्वस्तातल्या डिस्कना हे लवकर होते. नामांकित कंपन्यांच्या डिस्कही यातून सुटत नाहीत. वॉर्नरने २००६ ते २००८च्या सुमारास काढलेल्या काही डीव्हीडी आपोआप खराब होत असल्याचे कंपनीने २०२५मध्ये मान्य केले आणि त्या बदलून देण्याची तयारी दाखवली.

म्हणून खोके रद्दीत देण्याऐवजी मुलालाच कामाला लावावे. व्हीसीडीला कुलूप नसते, तिच्यातली फाइल संगणकावर सरळ उतरते. एक चित्रपट दोन किंवा तीन डिस्कवर असतो, त्या सर्व एका फोल्डरमध्ये क्रमाने ठेवाव्यात. डीव्हीडीला बहुधा कुलूप असते. ते काढणे अमेरिकेत १९९८च्या कायद्याने सरसकट निषिद्ध आहे. भारतात कॉपीराइट कायद्याचे कलम ६५ए हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप तोडण्याबद्दल बोलते आणि कलम ५२ खासगी वापराला काही सवलत देते. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची घरातल्या घरात एक प्रत काढणे माझ्या मते त्या सवलतीच्या जवळ जाते, मात्र ती प्रत दुसऱ्याला दिली किंवा यूट्यूबवर चढवली की सवलत संपते. प्रत एका हार्ड डिस्कवर आणि तिचीच नक्कल दुसऱ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवावी. संगणकाला डिस्कचा ड्राइव्ह नसेल, तर बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह दीड-दोन हजारांच्या आत मिळतो. सुरुवात ज्या डिस्कवर भोके किंवा डाग दिसतात तिथून करावी. त्यांतल्या काही पहिल्याच खेपेला अडकतील, तेव्हा हलक्या हाताने, मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहाव्यात, कारण एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा पुष्कळदा वाचतो.